आरशाच्या दोन बाजूंचे दोन दिवे आणि त्यासाठी गेलेले पाच आठवडे

पुण्यात कोथरूडमधल्या आमच्या जुन्या फ्लॅटची बाथरूम ४ फूट बाय ७ फूट आहे आणि तिथे आरशासाठी म्हणून एकच दिवा होता, आरशाच्या बराच वर लावलेली ट्यूबलाइट. माझे वडील ८१ वर्षांचे आहेत आणि आजही रोज सकाळी ब्लेडने दाढी करतात. त्यांना रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू असल्याने हनुवटीखाली जरासे कापले तरी रक्त लवकर थांबत नाही. असे तिसऱ्यांदा झाले तेव्हा मी त्यांच्या हाताच्या कंपाला दोष देणे थांबवले आणि त्यांच्या जागी आरशासमोर स्वतः उभी राहिले. वरून येणाऱ्या त्या उजेडात कपाळ आणि नाकाचा शेंडा लख्ख दिसत होता, पण डोळ्यांचे खळगे, नाकाखालचा भाग आणि संपूर्ण गळा सावलीत होता. ते इतकी वर्षे अंदाजाने दाढी करत आले होते आणि ते आमच्यापैकी कुणाच्याही ध्यानात आले नव्हते.

उपाय समजायला फार वेळ लागला नाही. उजेड आरशावर नव्हे, तर चेहऱ्यावर पडायला हवा, आणि तोही दोन्ही बाजूंनी, म्हणजे एका दिव्याने पाडलेली सावली दुसरा दिवा भरून काढतो. आरसा १८ इंच रुंद असल्याने त्याच्या दोन्ही कडांना दीड फूट लांबीचे, दुधी झाकणाचे दोन उभे दिवे बसणार होते. त्यांचा मध्य जमिनीपासून साधारण ५ फुटांवर, म्हणजे बाबांच्या डोळ्यांच्या उंचीला ठेवायचे ठरवले. दिवे प्रत्येकी ८ वॉटचे घेतले. एवढ्याशा खोलीत हे जास्त होईल असे भावाचे म्हणणे होते, पण साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत जेमतेम एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो, आणि बाबा तर ऐंशीच्या पुढचे आहेत. वायरिंगची मला सर्वांत जास्त धास्ती होती, पण ते काम एका सकाळीत झाले. आमच्या वायरमनने टाइल्स न फोडता आरसा अर्धा इंच जाडीच्या वॉटरप्रूफ प्लायवर बसवला आणि वरच्या जुन्या पॉइंटमधून आलेल्या वायरी त्याच्यामागून दोन्ही बाजूंना नेल्या.

खरा त्रास त्यानंतर सुरू झाला. दिवे मी एका मोठ्या शोरूममधून घेतले होते. दोन्ही खोक्यांवर ४००० केल्व्हिन, म्हणजे उजेडाच्या रंगछटेचा आकडा, असे छापलेले होते. ३००० केल्व्हिनचा दिवा पिवळसर असतो, ६५०० चा निळसर पांढरा असतो, आणि ४००० चा त्यांच्या मधला असल्याने दाढीचे पांढरे खुंट त्यात चांगले दिसतील असा माझा हिशेब होता. संध्याकाळी बटण दाबले तेव्हा बाबांचा डावा गाल नेहमीच्या रंगाचा दिसला आणि उजवा गाल आजारी माणसासारखा निळसर दिसला. खोक्यावरचा आकडा सारखा होता, पण उजव्या दिव्याच्या आत भलतीच एलईडी पट्टी बसवलेली होती.

दुसऱ्या दिवशी मी बिल घेऊन शोरूममध्ये गेले. काउंटरवरच्या माणसाने खोक्यावरचा आकडा वाचला आणि माल बरोबर आहे असे सांगितले. दिवा लावून बघा असे मी म्हटले, तर एकदा भिंतीवर बसवलेला माल परत घेत नाही, तसे बिलावर छापलेले आहे, असे उत्तर मिळाले. मग त्यांनी कंपनीचा तक्रार नंबर दिला. नऊ दिवसांनी कंपनीचा माणूस घरी आला, त्याने बटण दाबले, दिवा लागला, आणि ‘लाइट लागतो ना मॅडम, मग तक्रार काय आहे?’ असे विचारून त्याने तक्रार बंद केली. हे वाक्य मी अजून विसरू शकलेले नाही. दिवा लागणे आणि दिव्यात नीट दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दिवे विकणाऱ्यांनाच समजावून सांगण्याची वेळ माझ्यावर आली होती. मी तक्रार पुन्हा नोंदवली, शोरूमच्या मॅनेजरला दोनदा भेटले, आणि दोन्ही वेळा मला ‘डिस्ट्रिब्युटरकडून कळवतो’ एवढेच ऐकायला मिळाले. त्या काळात रोज सकाळी निळा दिवा बंद ठेवून मी बाबांच्या उजव्या बाजूला टॉर्च धरून उभी राहत होते.

पाचव्या आठवड्यात मी वायरमनकडून दोन्ही दिवे काढून घेतले, त्यांना प्लग जोडून घेतले आणि ते शोरूमच्या काउंटरवर शेजारीशेजारी लावले. दोन्हींच्या खाली एकेक कोरा पांढरा कागद ठेवला. एक कागद निळा दिसतो आहे हे तिथे आलेल्या इतर गिऱ्हाइकांनाही सांगावे लागले नाही. त्यानंतर मी मॅनेजरना शांतपणे सांगितले की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते, बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ती ३० दिवसांची धरतात, आणि आजच निर्णय झाला नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणार आहे. मागे गोदामातून दिवा यायला वीस मिनिटे लागली. जे वीस मिनिटांत होण्यासारखे होते त्यासाठी मला पाच आठवडे घालवावे लागले, याचा राग अजून गेलेला नाही. नवा दिवाही मी काउंटरवर आधीच्या चांगल्या दिव्याशेजारी लावून पाहिल्याशिवाय घेतला नाही, आणि माझी हीच सर्वांत कळकळीची सूचना आहे की जोडीने घेतलेले दिवे भिंतीवर चढवण्यापूर्वी दुकानातच एकत्र लावून पाहावेत.

आणखी एक गोष्ट खरे तर आधी सांगायला हवी होती. खरेदीपूर्वी मी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत, म्हणजे विजेच्या सामानाच्या बाजारात, एक पूर्ण दुपार फिरले होते, आणि तिथल्या एका वयस्कर दुकानदारांनी मला सीआरआय विचारायला शिकवले. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा हा आकडा १०० पैकी असतो. साधे एलईडी बल्ब ८० च्या आसपास असतात, आरशापाशी ९० किंवा त्याहून जास्त असलेला दिवा घ्यावा. तरीही नेहमीचा सीआरआय आठ फिक्या रंगांच्या सरासरीवरून काढतात आणि त्यात गडद लाल धरलेला नसतो, म्हणून माहितीपत्रकात आर ९ हा वेगळा आकडा मिळाल्यास तोही पाहावा. त्वचेवरची लाली आणि कापल्याची खूण त्यावरूनच नीट कळते. खोक्यावरचे बीआयएसचे (भारतीय मानक ब्युरोचे) चिन्ह आणि नोंदणी क्रमांक जरूर पाहावा, मात्र ती हमी सुरक्षिततेची आहे, रंगाची नव्हे.

आमचा शॉवर आरशापासून तीन फुटांवर आहे, त्यामुळे सर्व बाजूंनी उडणारे पाणी सोसणारा, म्हणजे किमान आयपी ४४ चा दिवा घेणे भागच होते. त्या निमित्ताने वायरमनने मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विचही बसवला. आमच्याकडे फक्त एमसीबी, म्हणजे भार वाढला किंवा शॉर्ट झाले की पडणारे स्विच होते, आणि अंगातून जाणारी थोडीशी गळती त्यांना कळत नाही, हे मला तोवर माहीत नव्हते.

बाबा आता टॉर्चशिवाय दाढी करतात आणि दिवे लागल्यापासून हनुवटीखाली एकदाही कापलेले नाही. दोनपैकी एक दिवा पुढे बिघडला तर तेव्हा मिळणाऱ्या मालाचा रंग जुळेलच असे नाही, म्हणून त्याच लॉटमधला तिसरा दिवा मी विकत घेतला, दुकानात लावून पाहिला आणि बिलासकट माळ्यावर ठेवला आहे.