मोरीतल्या टबापासून वॉशरपर्यंत : आमची वाटचाल

सांगलीत अण्णांचा फोटो स्टुडिओ होता आणि तिथं माझ्याकडं काम एकच, प्रिंट धुणं. ब्लॅक अँड व्हाइट फोटो हायपोतून (फोटो पक्का करणाऱ्या रसायनातून) काढले की मोरीतल्या टबात टाकायचे, नळ बारीक सोडायचा आणि तासभर हातानं खालीवर करत बसायचं, कारण हात थांबला की प्रिंट एकमेकांना चिकटतात आणि मधल्यांना पाणी लागतच नाही. त्यात नळाला पाणी सकाळी दोनच तास, म्हणजे घाई ठरलेली. एकदा एक गिऱ्हाईक आठ-दहा वर्षांपूर्वीचा लग्नाचा फोटो घेऊन आलं, नवरीच्या गालावर पिवळट तपकिरी डाग. कागदात हायपो राहिला की त्यातलं गंधक हळूहळू चांदीला खातं, आणि फोटो म्हणजे ती चांदीच की हो! अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत. ते मी आजही विसरलेलो नाही.

पुढं कलर लॅब आल्या, डार्करूम बंद झाली, मी अ‍ॅक्रिलिकच्या नेमप्लेट करायला लागलो. २०१३ ला पुण्याचे एक फोटोग्राफर आले, त्यांना फायबर पेपरवर, म्हणजे प्लॅस्टिकचा थर नसलेल्या फोटोच्या कागदावर, काम करायचं होतं आणि परदेशी उभा वॉशर, म्हणजे प्रिंट उभ्या ठेवून धुवायची कप्प्यांची टाकी, परवडत नव्हता. नेहमीच्या आरसी पेपरला प्लॅस्टिकचा थर असतो, तो दोन-चार मिनिटांत धुऊन निघतो, फायबर पेपर मात्र केमिकल पिऊन बसतो. म्हटलं, बनवून बघू.

११ बाय १४ इंची प्रिंटसाठी १० कप्प्यांची टाकी केली, त्यात पाणीच २७-२८ लिटर. अ‍ॅक्रिलिकची शीट कास्ट (साच्यात ओतलेली) सांगितली होती, दुकानदारानं एक्स्ट्रुडेड (यंत्रातून दाबून काढलेली, क्लोरोफॉर्मनं लवकर तडकणारी) पाठवली आणि मला ते कळलं नाही. जोडायला सिरिंजनं सांध्यात क्लोरोफॉर्म सोडला तर शेजारी केसासारख्या रेघा उमटल्या, तिसऱ्या रात्री कोपरा उसवला, सकाळी शेडभर पाणी. दुसरी टाकी गळली नाही पण भरली की पोट पुढं काढायची, मग वरच्या काठाला आडव्या पट्ट्या मारल्या.

तरी प्रिंट धुतली जातीय का हे कुठं माहीत होतं? विहिरीत टाकतात ते परमँगनेट, त्याचं गुलाबी पाणी टाकीत भरलं, नळ सोडला आणि स्टूल घेऊन समोर बसलो. कडेचे कप्पे पटकन स्वच्छ झाले, मधल्या दोन कप्प्यांत तळाला गुलाबी रंग तसाच! म्हणजे तिथली प्रिंट दिवसभर ठेवली असती तरी उपयोग नव्हता. मग २ मिमीची भोकं पाडलेला खोटा तळ घातला, पाणी सगळ्या कप्प्यांत खालून सारखं चढायला लागलं. शिवाय प्रिंट गुळगुळीत पार्टिशनला चिकटायची, त्यावर कृष्णेकाठच्या मासेवाल्यांकडची तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) ताणून बांधली, आता प्रिंटच्या मागंही पाणी फिरतं.

पाणी वाचवायचं असेल तर धुण्याआधी २ टक्के सोडियम सल्फाइटमध्ये, म्हणजे लिटरला २० ग्रॅम, दहा मिनिटं प्रिंट हलवत ठेवा. धुण्याचा वेळ बराच कमी होतो. शेवटी प्रिंटच्या कोपऱ्यातून निथळणारे थेंब परमँगनेटच्या फिकट पाण्यात पाडून बघा, रंग उडाला तर हायपो अजून आहे. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, वॉशर घेवो ना घेवो.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात शेड छतापर्यंत बुडाली, शीटवर चिखल बसला, मशिनच्या मोटारी गेल्या. वॉशर तेवढे धुऊन निघाले, आणि मग गल्लीतले लोक चिखलानं माखलेले अल्बम घेऊन यायला लागले. नळ अगदी मंद ठेवून, फोटोच्या तोंडाला बोट न लावता ते कप्प्यांत सोडायचे, कारण ओलं जिलेटिन फुगलेलं असतं आणि नुसत्या नखानं निघून येतं. नंतर मच्छरदाणीच्या जाळीवर वाळवायचे. तीन आठवडे आम्ही तेवढंच केलं, पैसे घेतले नाहीत.

आता मी आणि एक कारागीर, महिन्याला दोन-तीन वॉशर होतात. तयार झालेला प्रत्येक वॉशर भरून चोवीस तास पेपर अंथरलेल्या टेबलावर ठेवतो, सकाळी पेपर सगळीकडं कोरडा लागला तरच पॅकिंगला घेतो.