अक्षर, मात्रा आणि गण

माझी भाची फोंड्याला दहावीत शिकते. गेल्या रविवारी ती सोप्यावर बसून वृत्तांचा अभ्यास करत होती आणि 'पुन्हा' या शब्दातल्या 'पु'वर तिने गुरूची, म्हणजे दोन मात्रांच्या लांब उच्चाराची, खूण केली होती. कारण विचारल्यावर म्हणाली, "मावशी, पुढे जोडाक्षर आहे ना, मग मागचे अक्षर गुरू." नियम तिने अर्धाच पाठ केला होता. जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर आला, तरच ते गुरू होते. 'सज्जना' म्हणताना 'स'वर जोर येतो, म्हणून त्याच्या दोन मात्रा. 'पुन्हा', 'तुझ्या' म्हणताना तसा जोर येत नाही, म्हणून 'पु' आणि 'तु' लघूच, म्हणजे एकाच मात्रेचे, राहतात. दोन्ही शब्द मोठ्याने म्हणून पाहिल्यावर तिने ती खूण स्वतःच खोडली.

इंग्रजी वृत्तांच्या संज्ञा मराठीत आणताना असाच घोळ होतो. 'सिलॅबल'ला, म्हणजे एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्याला, आपण सरसकट अक्षर म्हणतो, ते मला पटत नाही. 'घर' आपण बोलतो एका दमात, 'घर्' असे. कवितेत मात्र ती दोन लघू अक्षरे धरली जातात.

'फूट', म्हणजे इंग्रजी ओळीतला लयीचा एक तुकडा, या संज्ञेचा घोळ याहून मोठा आहे. शब्दशः 'पाद' म्हणावे, तर आपल्याकडे पाद किंवा चरण म्हणजे अख्खी ओळ. त्यातल्या त्यात जवळचा शब्द गण, म्हणजे तीन अक्षरांचा गट. असे गण आठ असून 'यमाताराजभानसलगा' या सूत्रात ते सगळे बसतात. मात्रावृत्तात हेच काम आवर्तन, म्हणजे ठरावीक मात्रांचा परत परत येणारा गट, करते: भृंगाचे सहा मात्रांचे, पद्माचे आठ मात्रांचे. इंग्रजीतला आयंब, म्हणजे एक बिनजोराचा आणि एक जोराचा सिलॅबल मिळून होणारा फूट, मात्र आघातावर चालतो, आपला गण उच्चाराच्या लांबीवर, त्यामुळे आयंबला 'लगा' (लघू-गुरू) म्हणून मोकळे होता येत नाही.

'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे' ही भुजंगप्रयात वृत्ताची ओळ, चार 'य' गणांची (लघू-गुरू-गुरू). भाचीने टाळी देत ती तोडली: मनासज्, जनाभक्, तिपंथे, चिजावे. 'भक्ति' शब्द मधोमध तुटला, याचे तिला फार नवल वाटले. गण शब्दांची पर्वा करत नाही आणि म्हणणाऱ्याला तो तुकडा कधी जाणवतही नाही, हे मला या वृत्ताचे खरे सौंदर्य वाटते.

गोव्याच्या माणसाला इथे फादर स्टीफन्स आठवणारच. लॅटिन शिकलेला हा इंग्रज जेझुइट. लॅटिन काव्यही ऱ्हस्व-दीर्घाच्या मापावर चालते. तरीही १६१६ मध्ये रायतूरला छापलेल्या 'ख्रिस्तपुराणा'साठी त्याने गणवृत्त न घेता ओवी घेतली, जिच्यात लघुगुरूचे बंधन नाही आणि अक्षरांचा आकडाही सैल असतो. पहिल्या तीन चरणांचे यमक आणि आखूड चौथा चरण एवढ्यावर ती उभी राहते. भाचीने तिच्यावरही खुणा करायला पेन्सिल उचलली, तेव्हा मी ती बाजूला ठेवायला सांगितली आणि आम्ही दोघींनी ओवी नुसती म्हटली.