ठोका एकदाचं, पण मग पुढे?

पाकिस्तानचा विषय निघाला की आमच्या ग्रुपवरची मंडळी संध्याकाळपर्यंत लाहोर घेऊन मोकळी होतात. राग समजतो हो, 26/11 ला मुंबईत 166 माणसं गेली तेव्हा मलाही वाटलं होतं की मुरीदकेवर, म्हणजे लष्कर-ए-तैयबाच्या पाकिस्तानातल्या मुख्य ठाण्यावर, बॉम्ब टाकावेत, आणि तसं वाटण्यात काही गैर होतं असं आजही म्हणणार नाही. पण पहिला फटका हा त्यातला सोपा भाग, दुसऱ्या दिवशी समोरचा काय करेल आणि आपण थांबायचं कुठे हे कोणी बोलतच नाही.

ऑपरेशन पराक्रम बघा, म्हणजे आपली फौज सीमेवर नेऊन उभी केली होती ती मोहीम. 13 डिसेंबर 2001 ला संसदेवर हल्ला झाला, सैन्याला सीमेवर जायचा हुकूम सुटला, पण आपले स्ट्राइक कोअर, म्हणजे शत्रूच्या हद्दीत घुसून हल्ला करणाऱ्या मोठ्या फौजा, मथुरा, अंबाला, भोपाळला, या फौजांचे रणगाडे, तोफा, दारूगोळा सगळं सीमेवर पोचेपर्यंत तीनेक आठवडे गेले, तोवर अमेरिका मधे पडली आणि 12 जानेवारीला मुशर्रफ टीव्हीवर येऊन लष्कर-ए-तैयबा आणि जैशवर बंदी घालून मोकळे. आता हल्ला करणार कोणत्या तोंडाने? शिवाय दोघांकडे अणुबॉम्ब. मे महिन्यात जम्मूजवळ कालूचकला दहशतवाद्यांनी जवानांची बायकापोरं मारली तेव्हा परत युद्ध दारात आलं, परत टळलं, आणि ऑक्टोबरमध्ये फौजा मागे घ्यायचं ठरलं.

त्यात सुरुंगांचं तर कोणाला आठवतही नाही. पंजाब-राजस्थानात शेतकऱ्यांच्या उभ्या शेतात सुरुंग पेरले, मग ते काढायचे आले, वाळवंटात तर वाळू सरकते तसे सुरुंगही जागा सोडतात. युद्ध झालंच नाही तरी आपले शेकडो जवान गेले, त्यातले कित्येक हे सुरुंग पेरताना-काढताना.

2016 चा ताबारेषेपलीकडचा सर्जिकल स्ट्राइक मला म्हणूनच जास्त पटतो. डीजीएमओंनी, म्हणजे सैन्याच्या कारवाया बघणाऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी, पत्रकार परिषदेत सांगून टाकलं, कारवाई संपली, पुढे वाढवायचा विचार नाही. म्हणजे थांबायचं कुठे ते आधीच ठरलेलं होतं.

2019 ला पाकिस्तानातल्या बालाकोटवर आपला हवाई हल्ला झाला आणि दुसऱ्याच दिवशी पाकिस्तानची विमानं आली, त्या गडबडीत काश्मीरमध्ये बडगामला आपल्याच मिसाइलने आपलंच एमआय-17 हेलिकॉप्टर पाडलं, हवाई दलाची सहा माणसं आणि खाली एक गावकरी गेला. पाकिस्तानच्या हाती लागलेल्या आपल्या वैमानिकाच्या, अभिनंदनच्या, मिशीवर चॅनेलवाल्यांनी तासन् तास घालवले, ह्या सात जणांवर किती मिनिटं गेली ते तुम्हीच आठवा.