प्रेस्टनचा प्लंबर आणि ब्रेबॉर्नचे 249

मँचेस्टरला मावसबहिणीकडे आठ दिवस होते. तिने सरोवरांच्या प्रदेशात फिरायचा बेत पक्का केला होता. त्यातला एक दिवस मी मागून घेतला आणि एकटाच प्रेस्टनची गाडी पकडली. मला तिथल्या प्रेस्टन नॉर्थ एंड या फुटबॉल क्लबचं मैदान, डीपडेल, बघायचं होतं, तेही माझ्या आजोबांमुळे.

आजोबा गिरगावातले. मार्च 1945 मध्ये ब्रेबॉर्नवर झालेला मुंबई विरुद्ध होळकर हा रणजीचा अंतिम सामना त्यांनी पाहिला होता. विजय मर्चंटच्या 278 धावांबद्दल ते अभिमानाने सांगायचेच, पण कॉम्प्टनचं नाव निघालं की सावरून बसायचे. इंग्लंडचा फलंदाज डेनिस कॉम्प्टन तेव्हा सैन्यात होता, इंदूरजवळच्या महूच्या छावणीत. होळकरांकडून खेळताना 867 धावांच्या अशक्य पाठलागात त्याने नाबाद 249 केल्या. होळकर 374 धावांनी हरले. "आम्ही मुंबईकर, तरी त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होतो," असं आजोबा सांगायचे.

हाच कॉम्प्टन लंडनच्या आर्सेनल क्लबचा व्यावसायिक फुटबॉलपटू होता, हे मला फार उशिरा कळलं. युद्धाच्या काळात तो इंग्लंडकडून 12 सामने खेळला. ते सगळे अनधिकृत ठरले. अधिकृत सामना एकही नाही. त्याचे जुने सामने शोधताना 10 मे 1941 ही तारीख सापडली. वेम्बली, युद्धकालीन चषकाची अंतिम लढत, आर्सेनल विरुद्ध प्रेस्टन नॉर्थ एंड. निकाल 1-1, आर्सेनलचा गोल कॉम्प्टनचा. त्याच रात्री लंडनवर प्रचंड बॉम्बहल्ला झाला. आणि त्या दुपारी प्रेस्टनकडून 19 वर्षांचा टॉम फिनी खेळत होता.

स्टेशनपासून डीपडेलपर्यंत मी चालतच गेलो. वाटेत एका बेकरीतून बटर पाय घेतला. आत बटाटा, कांदा आणि लोणी, बस्स. मांस नसलेला हा पाय इथलाच. भुरभुर पावसात गरमागरम खाताना फार बरं वाटलं.

फिनी याच परिसरात, मैदानापासून हाकेच्या अंतरावर जन्मला. क्लबने पोरवयातच बोलावलं, पण वडील म्हणाले, आधी प्लंबिंगचं काम पुरतं शिकायचं. तो शिकला आणि पुढे इंग्लंडचा खेळाडू झाला तरी ते काम त्याने सोडलं नाही. जानेवारी 1940 मध्ये व्यावसायिक करार झाला तेव्हा युद्ध पेटलेलं होतं आणि लीग बंद पडली होती. वेम्बलीनंतरचा फेरसामना ब्लॅकबर्नला झाला, प्रेस्टन 2-1 जिंकलं. 1942 मध्ये सैन्याचं बोलावणं आलं. आधी इजिप्त, मग इटली. एप्रिल 1945 मध्ये अर्जेंटाच्या लढाईत तो रणगाडा चालवत होता. म्हणजे ब्रेबॉर्नवर कॉम्प्टन खेळून गेला, त्याच्या पुढच्याच महिन्यात.

लीगमधला त्याचा पहिला सामना 31 ऑगस्ट 1946 चा. तेव्हा वय 24. महिनाभरात तो इंग्लंडकडून खेळला. पुढे 76 आंतरराष्ट्रीय सामने आणि 30 गोल. मला हे आकडे वाचताना आनंदापेक्षा हळहळच जास्त वाटते. 1953 मध्ये गुण सारखे असूनही लीगचं विजेतेपद नुसत्या गोलसरासरीवर (केलेले गोल भागिले खाल्लेले गोल) आर्सेनलकडे गेलं. 1954 चा एफए कप अंतिम फेरीत हुकला. मोठा म्हणावा असा चषक त्याने जिंकला तो एकच, 1941 चा. आणि तो अधिकृत यादीत धरत नाहीत. पायात सर्वात जास्त वेग असतो ती वर्षं वाळवंटात गेली, आणि जे हाती लागलं तेही हिशेबाबाहेर.

1952 मध्ये इटलीतल्या पालेर्मोने त्याला दहा हजार पौंड देऊ केले. ज्या देशात सात वर्षांपूर्वी रणगाडा घेऊन गेला, तिथून हे निमंत्रण! क्लबने सोडलं नाही, आणि तो प्रेस्टनचाच राहिला.

मैदानाबाहेर त्याचा पुतळा आहे, 'द स्प्लॅश'. 1956 मध्ये चेल्सीच्या मैदानावर पाणी साचलं असताना टिपलेल्या छायाचित्रावरून तो घडवला आहे. फिनी पाण्यातून घसरत निघालाय, एक हात मागे, नजर चेंडूवर, आणि दोन्ही बाजूंना कारंज्याचं पाणी उसळतंय. मी वाकून बुटाकडे पाहिलं. वरून पाऊस, खालून कारंजं. बूट कुठे संपतो आणि पाणी कुठे सुरू होतं तेच कळेना.

शेजारी एक वृद्ध गृहस्थ छत्री धरून उभे होते. 30 एप्रिल 1960 ला फिनी इथे शेवटचा खेळला, तेव्हा ते वडिलांबरोबर आले होते. खेळ काय झाला ते आठवत नाही म्हणाले; वडिलांनी टोपी काढून हातात धरली होती, तेवढं आठवतं.

मग मी त्यांना आजोबांबद्दल सांगितलं. कॉम्प्टन म्हटल्यावर ते वळले. मुंबईतल्या त्या खेळीबद्दल त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. आकडा त्यांनी दोनदा विचारून घेतला.

"नाबाद?"

"नाबाद," मी म्हटलं.

त्यांनी छत्री थोडी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "पहिल्यापासून सांगा."