तीस सेकंद राहू देत

मार्च महिना आला की आमच्या घरात एक वाद ठरलेला असतो. अमेरिकेतल्या कॉलेजांची मोठी बास्केटबॉल स्पर्धा तेव्हा सुरू होते. आपल्याकडे त्या मॅचेस भल्या पहाटे आणि सकाळी दिसतात. माझा भाचा आणि मी चहाचे कप घेऊन मोबाइलसमोर बसतो. तो इंजिनिअरिंगला आहे, कॉलेजच्या टीमचा पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे आणून खेळ लावणारा. बॉल हातात आला की टीमला ठरावीक सेकंदांत शॉट मारावा लागतो, ते मोजणारं घड्याळ म्हणजे शॉट क्लॉक. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये ते चोवीस सेकंदांचं, या कॉलेजांच्या स्पर्धेत तीसचं. एनबीएच्या क्लिप बघून बघून भाच्याचं असं पक्कं मत झालंय की चोवीस सेकंदांच्या वरचं सगळं बास्केटबॉल पेन्शनरांसाठी आहे. "मावशी, तीस सेकंद काय करायलेत गं हे? नुसतं बॉल घेऊन फिरायलेत बघ की!"

मला मात्र ते तीस सेकंद आवडतात. चोवीस करायच्या नादात त्यांना हात लावू नये असं माझं म्हणणं आहे.

यात माझा थोडा पक्षपात आहे, तो आधीच सांगून टाकते. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी बेळगावात कॉलेजकडून खेळत होते. तेव्हा फिबाचा, म्हणजे बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा, नियम होता वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ, शॉटला ३० सेकंद, आणि बॉल अर्ध्या कोर्टापलीकडे न्यायला १०. २००० साली फिबानं हे तिन्ही आकडे बदलले. दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर आले, तीसचे चोवीस झाले, दहाचे आठ. अमेरिकेतल्या कॉलेजच्या पुरुषांचा खेळ आजही दोन हाफ, तीस आणि दहावर चालतो. टिळकवाडीतल्या सिमेंटच्या कोर्टवर गुडघे फोडून घेत आम्ही जो खेळ खेळलो, तो जगात आता तिथेच उरलाय, तोही लाकडी फ्लोअरवर आणि हजारो लोकांसमोर. त्यांनीही तो मोडला तर मला वाईट वाटेल, हे खरं आहे.

पण नुसत्या आठवणीपोटी बोलत नाही. चोवीस हा आकडा आला कुठून ते बघा. २२ नोव्हेंबर १९५० ला एनबीएत फोर्ट वेन पिस्टन्सनं मिनियापोलिस लेकर्सला १९-१८ असं हरवलं. बास्केटबॉलच्या अख्ख्या मॅचचा स्कोअर हा! लेकर्सकडे जॉर्ज मायकन नावाचा उंच, धिप्पाड खेळाडू होता, म्हणून पिस्टन्सनं बॉलच दाबून ठेवला. असल्या खेळाला प्रेक्षक कंटाळले. मग १९५४ साली सिरॅक्यूजच्या टीमचे मालक डॅनी बियासोन यांनी हिशेब मांडला. चांगल्या, रंगलेल्या मॅचमध्ये दोन्ही टीम मिळून साधारण १२० शॉट मारतात. मॅच ४८ मिनिटांची, म्हणजे २८८० सेकंद. भागिले १२०, आले २४. हा हिशेब व्यावसायिक खेळाडूंचा, त्यांच्या ४८ मिनिटांचा होता. तो वेदवाक्य कसा झाला कोण जाणे. कबड्डीत चढाईला ३० सेकंद असतात, पण ते कमी करा म्हणून खानापूरच्या मैदानावर कुणी आरडाओरडा केल्याचं मी तरी ऐकलं नाही.

घड्याळच नको असं मात्र मी म्हणत नाही. अमेरिकेतल्या कॉलेजच्या पुरुषांना १९८५ पर्यंत सगळीकडे लागू असं शॉट क्लॉक नव्हतंच. १९८२ मध्ये नॉर्थ कॅरोलायना आणि व्हर्जिनिया यांच्यात एसीसी या कॉलेजांच्या गटाची फायनल झाली. नॉर्थ कॅरोलायनाकडे तेव्हा पहिल्या वर्षाला असलेला मायकल जॉर्डन होता, समोर व्हर्जिनियाचा सव्वासात फुटांहून उंच राल्फ सॅम्पसन, आणि शेवटी काय, तर बॉल इकडून तिकडे फिरवत वेळ काढला, ४७-४५. टीव्हीवर बघणाऱ्यांनी कपाळावर हात मारला असेल. मग ४५ सेकंद आले, १९९३ मध्ये ३५, २०१५ मध्ये ३०. यातली गंमत म्हणजे तिथल्या कॉलेजच्या मुली सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून तीस सेकंदांतच खेळत होत्या. पुरुषांना तिथवर यायला चाळीस-पंचेचाळीस वर्षं लागली! हे मी भाच्याला दरवर्षी ऐकवते.

आता माझ्या टेबलचं सांगते. नोकरी सांभाळून मी इंटर-कॉलेजच्या मॅचेसना टेबल ऑफिशियल म्हणून, म्हणजे कोर्टशेजारी वेळ मोजायला, बसते. नियम फिबाचा, म्हणजे चोवीस सेकंद. पण बास्केटच्या वर लाल आकडे दाखवणारं घड्याळ प्रत्येक ग्राउंडवर कुठलं असायला? माझ्या हातात स्टॉपवॉच असतं, आणि शेवटचे दहा सेकंद राहिले की मी ओरडते. त्या ओरडण्यानंतर कोर्टवर काय होतं, ते मी इतक्या जवळून बघते की त्यावर बोलायचा मला हक्क आहे.

शहरातल्या ज्या कॉलेजांत वर्षभर कोचिंग चालतं, त्यांच्या मुलींना काही फरक पडत नाही. त्यांना चोवीसही जास्त होतात. पण तालुक्याच्या गावाहून, वडापमधून किंवा लाल बसमधून आलेली टीम बघा. निम्म्या मुली खो-खोच्या, दोन कबड्डीच्या, पी.डी. (शारीरिक शिक्षणाच्या) सरांनी पंधरवडाभर बास्केटबॉल शिकवून आणलेल्या. फुल कोर्ट प्रेस लागला, म्हणजे समोरच्यांनी पूर्ण कोर्टभर अडवायला सुरुवात केली, की बॉल पुढे आणण्यातच सहा-सात सेकंद जातात. मग एक पास, दुसरा पास, एक मुलगी कट मारून आत येते, तिला बॉल मिळत नाही, बॉल परत वर. शिकवलेला प्ले, म्हणजे पासांची ठरलेली चाल, जमायला लागलेला असतो. तेवढ्यात मी ओरडते, "टेन!" आणि त्यांच्या बेंचवरून तीन भाषांत एकच कल्लोळ उठतो. "मार गं, मार!" "लगू होडी!" "शूट, शूट!" बॉल जिच्या हातात असेल ती, बिचारी, कमरेपासून फेकते. बोर्डलाही लागत नाही. समोरची टीम तो उचलून पळत जाते आणि ले-अप, म्हणजे बास्केटखाली जाऊन मारलेला सोपा शॉट.

हेच पुन्हा पुन्हा झालं की तिसऱ्या क्वार्टरपासून ती टीम प्ले लावायचाच सोडून देते. टीममध्ये जी एक बरी असते तिच्याकडे बॉल द्यायचा आणि बाकी चौघींनी बघत उभं राहायचं. घड्याळ जितकं लहान, तितका खेळ एकटीचा होतो. एनबीएत ते चालतं, कारण तिथे प्रत्येकाला स्वतःचा शॉट स्वतः काढता येतो. कॉलेजात तसे किती असतात?

अमेरिकेतही दरी तीच आहे. पहिल्या डिव्हिजनमध्ये साडेतीनशेच्या वर कॉलेजं. काहींकडे पुढच्या वर्षी एनबीएत जाणारी मुलं, काहींकडे अभ्यास करून खेळणारी. १९९६ मध्ये प्रिन्स्टननं आदल्या वर्षीच्या चॅम्पियन यूसीएलएला ४३-४१ असं बाहेर काढलं. पीट कॅरिल नावाच्या म्हाताऱ्या कोचचा तो शेवटचा हंगाम. त्यांच्या मुलांनी जवळजवळ प्रत्येक वेळी घड्याळ संपत येईपर्यंत पास केले, आणि शेवटची बास्केट डिफेंडरच्या पाठीमागून घुसून, साध्या ले-अपनं. तेव्हा ३५ सेकंद होते. दुबळ्या टीमला जितके कमी शॉट खेळावे लागतात, तितकी तिची आशा मोठी. शंभर वेळा बॉल इकडून तिकडे गेला तर जास्त ताकदवान टीमच जिंकणार, साठ वेळा गेला तर काहीही होऊ शकतं. चोवीस केले की ही वाट आणखी अरुंद होते, आणि मग मार्चमध्ये पहाटे उठून आम्ही बघायचं काय?

भाच्याचा हुकमी एक्का म्हणजे गुण. २०१५ मध्ये पस्तीसचे तीस झाले आणि सरासरी स्कोअर लगेच पाचेक गुणांनी वाढला, ते बघ म्हणतो. वाढला, मान्य. पण त्याच वर्षी बास्केटखालचा चार्जचा अर्धगोल (ज्यात उभं राहून डिफेंडरला धडकेचा फाउल मिळवता येत नाही) तीन फुटांवरून चार फूट केला, टाइमआउट कमी केले, हातानं अडवण्यावर जास्त फाउल द्यायला रेफरींना सांगितलं. सगळं श्रेय घड्याळाला कसं द्यायचं? आणि गुण म्हणजेच मजा असं कुणी सांगितलं? २०२५ ची फायनल फ्लोरिडानं ह्यूस्टनवर ६५-६३ अशी घेतली. शेवटच्या बॉलवर ह्यूस्टनला शॉटच मारता आला नाही. त्या सकाळी आमचा चहा निवून गेला होता.

खेळ रेंगाळतो तो शेवटच्या दोन मिनिटांत. मुद्दाम फाउल, फ्री थ्रो, टाइमआउट, रेफरी मॉनिटरमध्ये डोकं घालून उभे, परत फाउल. दोन मिनिटांची पंधरा होतात. कापायचं तर ते कापा. तिथे घड्याळ थांबलेलंच असतं, शॉट क्लॉक चोवीसचं करून काय उपयोग?

एका बाबतीत मात्र मी भाच्याच्या बाजूची. आपलाच चुकलेला शॉट आपणच रिबाउंड केला, म्हणजे उसळलेला बॉल परत पकडला, तर अमेरिकेतल्या कॉलेजात २०१९ पासून घड्याळ २० वर येतं. फिबात ते १४ असतं. बॉल आधीच बास्केटखाली आहे, पुढे आणायचा नाही, समोरची डिफेन्स विस्कटलेली आहे. तिथे वीस सेकंद कशाला? चौदा भरपूर. हा बदल त्यांनी उद्या केला तरी माझी ना नाही.

हे ऐकून भाचा म्हणाला, "म्हणजे अर्धी तरी हरलीस की, मावशी." मी म्हटलं, पुढच्या मॅचला माझ्या शेजारी टेबलवर येऊन बस. चोवीस आणि चौदा एकाच स्टॉपवॉचवर कसे सांभाळायचे ते बघ, आणि मग नियम बदलायच्या गप्पा मार. तो येणार नाही. टेबलवर बसणाऱ्याला दोन्ही बेंच शिव्या घालतात हे त्याला ठाऊक आहे, त्याच्याही बेंचनं मला घातल्यात.