'अत्यंत गैरसोय' खोडणाऱ्या बाई

आमच्या शाळेच्या महोत्सवानिमित्त, शाळेने काय दिलं असं कोणी विचारलं, तर मी आधी सांगतो, अर्ज लिहायला शिकवलं. समोरच्याला पटेल असं लिहायला.

नववीत मराठीच्या बाईंनी विषय दिला : पऱ्यावर (ओढ्यावर) साकव, म्हणजे छोटा पूल, मिळावा म्हणून ग्रामपंचायतीला अर्ज. बहुतेक वह्यांत एकच वाक्य, 'विद्यार्थ्यांची अत्यंत गैरसोय होते.' बाईंनी ते फळ्यावर लिहिलं, शेवटचे शब्द खोडले आणि विचारलं, "कोणाची? कधी? पाणी कुठवर येतं?" मग वर्गाने मिळून लिहिलं : 'आषाढात पऱ्याला कमरेएवढं पाणी येतं. पलीकडच्या वाडीतल्या मुलांची शाळा बुडते, आजारी माणसाला अलीकडे आणता येत नाही.' एकही भारदस्त विशेषण नाही, तरी नाही म्हणणं अवघड. 'निधी नाही' हे उत्तर येणार, हे बाईंना ठाऊक होतं. म्हणून पुढची ओळ : 'तोवर पोफळीचा साकव घालायला वाडी श्रमदान करील.' समोरच्याची हरकत आपणच आधी मांडून तिचं उत्तर द्यायचं, ही गोष्ट मला आजही सगळ्यांत मोलाची वाटते.

प्रश्नाची ताकद त्यांनी टिळकांवरून दाखवली. टिळक जन्माने रत्नागिरीचे, म्हणजे आम्हांला घरचेच. १८९७ साली प्लेग अधिकारी रँडच्या खुनानंतर पुण्यावर जादा पोलीस बसवले, तेव्हा 'केसरी'च्या अग्रलेखाचा मथळा होता, 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' उत्तर लिहिलेलं नाही. ते वाचणारा स्वतःच देतो. पण असा प्रश्न एकदाच विचारावा आणि खालचा मजकूर त्याच तोलाचा असावा, असं बाई बजावत.

आता माझी हापूसची बाग आहे. 'अस्सल, अव्वल, अमृततुल्य' अशी तिहेरी लय कानाला गोड लागते, लक्षातही राहते. मात्र बाहेरचा आंबा कोकणच्या नावाने विकणाऱ्याच्या पेटीवरही हेच शब्द असतात. २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, ते अशा फसवणुकीला आळा घालण्यासाठीच. माझ्या पेटीवर गावाचं नाव, तोडणीची तारीख आणि 'गवताच्या अढीत पिकवलेला' एवढंच छापतो. गिऱ्हाईक तारीख वाचून फोन करतं.

महोत्सव समितीला एक मनापासून विनंती. इमारत निधीच्या पत्रातलं 'उदार हस्ते' काढा. कोणत्या वर्गात पावसाचं पाणी गळतं आणि कौलं बदलायला किती रुपये लागतील, ते लिहा.