पायरीपायरीने शिकवणारी प्रणाली

पुण्याजवळच्या चाकणमधील कारखान्यांसाठी मायक्रोसॉफ्टच्या डायनॅमिक्स ३६५ फायनान्स या व्यवसाय-हिशेबाच्या प्रणालीचे काम करताना मी आता जाड पुस्तिका लिहीत नाही; त्यातला टास्क रेकॉर्डर सुरू करून खरेदी ऑर्डरवरच्या मालाची आवक प्रत्यक्ष नोंदवतो आणि प्रत्येक क्लिकची पायरी आपोआप तयार होते. खरे काम त्यानंतरचे असते. ‘प्रॉडक्ट रिसीटच्या (माल मिळाल्याच्या पावतीच्या) रकान्यात मूल्य भरा’ एवढ्या आपोआप उमटलेल्या वाक्याने स्टोअरमधल्या माणसाला काहीच उमगत नाही. तिथे ‘पुरवठादाराच्या डिलिव्हरी चलानावरचा क्रमांक टाका, आपल्या गेट एंट्रीचा नव्हे’ अशी टीप मी आवर्जून जोडतो. हीच नोंद मार्गदर्शिका म्हणून चालवली की छोटी चौकट नेमक्या रकान्यापाशी उमटते, परंतु भरलेली माहिती खरोखरच नोंदली जाते. म्हणून नवख्यांचा सराव चाचणीसाठीच्या स्वतंत्र प्रणालीवरच व्हावा, असा माझा ठाम आग्रह आहे.